फुटपाथवरचा तो पिवळा खांब कोणाचा? गॅसच्या लाईनी, गंज आणि सरकारी नियम

चेंबूरकर_मन्या | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

आमच्याकडे चेंबूरहून माहुलकडे जाताना फुटपाथच्या कडेला एक कंबरेएवढा पिवळा लोखंडी खांब आहे, वर चौकोनी डबा, डब्याला छोटं दार. शाळेत असताना तो आमचा बोलरच्या बाजूचा स्टंप होता, तेव्हापासून तिथेच आहे आणि त्याचं काम काय ते गल्लीत कोणालाच माहीत नाही. आता रस्त्याचं काँक्रिटीकरण काढलंय. फुटपाथ हातभर वर आला, खांब गुडघ्यापर्यंत गाडला गेला, डब्याचं दार गायब, आतून दोन वायरी लोंबतायत आणि वडापाववाल्या मामांनी ताडपत्रीची दोरी त्यालाच आवळून बांधलीय. अक्षरं उडालीत, निरखून बघितलं तर "गॅस" आणि "खोदू नये" एवढंच लागतं.

मुकादमाला विचारलं तर म्हणतो, "साहब वो बंद है, टेस्टर लगाके देखा, करंट ही नहीं है." वॉर्ड ऑफिसात गेलो तर "आमचा नाही, गॅसवाल्यांना विचारा". आता आमच्या भागात गॅसवाले काय एक आहेत? रिफायनऱ्या, खताचा कारखाना, वीज केंद्र, घरगुती गॅस, कोणाकोणाच्या लाईनी पोटात घेऊन बसलाय हा रस्ता. कोणाला काही कल्पना? की मी उगाच घाबरतोय?

तिरकस | सोमवार, रात्री ११:०५

उगाच घाबरताय. गॅसच्या लाईनी प्लास्टिकच्या असतात, पिवळ्या, खोदकामात शंभरदा बघितल्यात. प्लास्टिकला कधी गंज चढतो का? मामांचा वडापाव खा आणि झोपा.

पाव_किलो_ज्ञान | सोमवार, रात्री ११:३१

अवांतर: मुंबईच्या पोटात गॅसच्या लाईनी काही आजच्या नाहीत. १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, कोळशापासून काढलेला गॅस, त्याचा कारखाना लालबागला होता, तिथली गॅस कंपनी लेन त्यावरूनच. आमचे आजोबा त्या गल्लीत राहायचे. खांबाबद्दल मात्र शून्य माहिती, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

अर्धघट | मंगळवार, सकाळी ६:१८

मन्या, घाबरतोयस ते बरोबर आहे. मुकादमाला माझ्याकडून कोपरापासून नमस्कार सांग.

मी ३१ वर्षं हेच काम केलं, गुजरातेत आणि महाराष्ट्रात, आता रिटायर होऊन डोंबिवलीत गच्चीवर कढीपत्ता लावतो. आयडीचा अर्थ कोणी विचारत नाही म्हणून आज सांगून टाकतो, अर्धघट म्हणजे हाफ सेल, तो पुढे येईलच.

तो खांब म्हणजे टीएलपी, टेस्ट लीड पॉइंट. खाली स्टीलची लाईन आहे आणि त्या वायरी थेट पाईपला वेल्ड केलेल्या आहेत. तिरकसराव म्हणतात ते अर्धं खरं, गल्लीतून सोसायटीपर्यंत येणारी कमी दाबाची लाईन पॉलिथिनची असते, तिला गंज नाही. पण तिला गॅस देणारी मोठी लाईन स्टीलची असते आणि तिच्यात दाब बराच जास्त असतो. स्टील जमिनीत घातलं की गंजणारच, त्यातून आपली खाडीकाठची खारट माती. म्हणून एक तर पाईपवर कोटिंग असतं, आणि कोटिंगला कुठेकुठे ओरखडे, भोकं पडणारच हे धरून वर कॅथोडिक प्रोटेक्शन, आम्ही नुसतं सीपी म्हणतो. पाईपला बाहेरून थोडा डीसी करंट असा द्यायचा की गंजायचं ते पाईपने न गंजता जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या धातूने, म्हणजे अ‍ॅनोडने गंजावं. शेतात बुजगावणं उभं करतात तसं म्हणा, फरक इतकाच की हे बुजगावणं खरोखर खाल्लं जातं आणि संपलं की नवीन घालावं लागतं.

आता हे चालू आहे की नाही हे वरून दिसत नाही, त्यासाठी तो खांब. माणूस येतो, पिशवीतून हाफ सेल काढतो. प्लास्टिकची नळी, आत तांब्याची कांडी, निळं मोरचूदाचं पाणी आणि तळाला सच्छिद्र बूच. पाईपच्या बरोबर डोक्यावरची माती बाटलीतल्या पाण्याने भिजवायची, बूच त्यावर टेकवायचं, मल्टिमीटरची एक वायर हाफ सेलला, दुसरी खांबातल्या वायरीला. आकडा उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे आला तर पाईप सुरक्षित, उणे ०.६ वगैरे आला तर समजायचं खाली गंजाचं जेवण वाढलेलं आहे. आणि फार उणे झाला तरी वाईट, कोटिंग पाईपपासून सुटायला लागतं.

म्हणजे सगळा खेळ एका व्होल्टच्या आतबाहेरचा. तुझ्या मुकादमाचा टेस्टर लागतो घरातल्या २३० व्होल्टवर. त्याने ताप बघायला वजनकाटा लावलाय.

आणखी एक, ते काँक्रीट. हाफ सेलला ओली माती लागते, काँक्रीटवर टेकवून, त्यातही खाली सळया असतील तर, जो आकडा येतो तो पाईपचा नसतोच. रस्ता आणि फुटपाथ दोन्ही सिमेंटचे केले की रीडिंगला जागाच उरत नाही, मुद्दाम भोक ठेवून वर झाकण द्यावं लागतं. ते कोणी ठेवलंय का बघ.

चेंबूरकर_मन्या | मंगळवार, सकाळी ९:५०

काका, साष्टांग दंडवत. भोक वगैरे काही नाही, एकसंध काँक्रीट. वायरी बघितल्या, एक अगदी कडेला तुटून आत गेलीय.

सोसायटीची_सेक्रेटरी | मंगळवार, दुपारी १:१५

काका, आमचा पण प्रश्न घ्या. बिल्डिंग ३५ वर्षं जुनी, घाटकोपर. गॅसचे उभे पाईप डक्टमधून गेलेत आणि त्याच डक्टमध्ये सगळ्यांच्या बाथरूमच्या लाईनी गळतायत. तिसऱ्या मजल्यावर क्लँपच्या खाली पाईपचा रंग फुगून पापुद्रे सुटलेत. मी मीटिंगमध्ये तीनदा काढलं, उत्तर काय तर "वास आला की बघू". त्या २०१९ च्या सप्टेंबरात आणि मग २०२० च्या जूनमध्ये आपल्या पूर्व उपनगरांत रात्रभर सगळीकडे वास वास म्हणून लोक रस्त्यावर आले होते, तेव्हा हेच सगळे पुढे होते बरं.

अर्धघट | मंगळवार, दुपारी ३:४०

ताई, डक्टमधला पाईप हवेत आहे, त्याला सीपीचा उपयोग नाही, तिथे रंग हेच चिलखत. गंज हमखास सापडतो तो क्लँपखाली, स्लॅब किंवा भिंत छेदून जाते तिथे आणि जमिनीतून बाहेर येते त्या वीतभर जागेत. पापुद्रे सुटलेत तिथे कंपनीच्या माणसाला बोलावून खरवडून दाखवायला लावा, नुसता वरून पिवळा हात मारून जाऊ देऊ नका. आणि आधी बाथरूमची गळती बंद करा, ती कंपनी करणार नाही, ते तुमचंच काम. रिनोव्हेशनमध्ये पाईप टाईलच्या आत गाडून टाकणारे महाभाग असतील तर त्यांना माझा नंबर द्या असं म्हणणार होतो पण बीपी वाढतं.

वासाचं म्हणाल तर नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, मरकॅप्टन घालतात म्हणून सडक्या कोबीसारखा येतो. हवेत साधारण ५ टक्के वायू झाला की तो पेट घेऊ शकतो, वास त्याच्या बराच आधी यावा अशा बेताने डोस असतो. पण आपल्याकडे वास सहसा शहराच्या वेशीवरच्या स्टेशनात मिसळतात, त्याच्या आधीच्या मोठ्या लाईनीत तो असेलच असं नाही. तेव्हा मन्याच्या खांबाखाली काही झालं तर "वास आला की बघू" हे धोरणही कामाचं नाही.

रेल्वेवाला_६७ | मंगळवार, रात्री ८:०२

ह्या विषयात आमच्या खात्याचाही हात आहे म्हणून लिहितो. मुंबईची विजेवरची लोकल १९२५ च्या ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला हार्बरवर सुरू झाली तेव्हापासून १५०० व्होल्ट डीसी. डीसीचा करंट रुळांतून सबस्टेशनला परत जायचा, पण तो काय सरळमार्गी नसतो, रूळ सोडून जमिनीत शिरतो आणि जमिनीत आयता लोखंडी पाईप मिळाला की त्यातून फुकट प्रवास करतो. जिथे शिरतो तिथे काही नाही, जिथे पाईपमधून बाहेर पडतो तिथे लोखंड खातो. आमचे साहेब सांगायचे, एक अँपिअर वर्षभर असा बाहेर पडला तर नऊ किलो लोखंड गेलं.

वेस्टर्नचं डीसी ते एसी २०१२ ला पूर्ण झालं, सेंट्रलचं २०१५, हार्बरचं २०१६ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे चेंबूरच्या रुळांशेजारच्या जुन्या पाईपांनी २०१६ पर्यंत हा मार खाल्लाय.

अर्धघट | मंगळवार, रात्री ८:३३

रेल्वेवाले साहेब, अगदी. एक अँपिअरला नऊ किलो, आणि पाईपची भिंत असते सहा-सात मिलीमीटर, तीही सगळीकडून सारखी खात नाही, एका रुपयाएवढ्या जागेत आरपार जातो. रूळ ओलांडणाऱ्या लाईनीवर मीटर लावला की लोकल आली-गेली काट्यावर कळायचं, आम्ही मीटर बघून सांगायचो फास्ट आहे की स्लो. डीसी गेलं म्हणून सुटलो असंही नाही, एसीचा त्रास वेगळा असतो, पण त्यात शिरत नाही.

तिरकस | मंगळवार, रात्री ९:४७

ओके, माझा प्लास्टिकचा मुद्दा मागे घेतो. पण मग नियम असतीलच ना? एवढ्या लाईनी, एवढी सरकारी खाती, कोणीतरी तपासत असेलच की. की इथेही भगवान भरोसे?

वकीलीणबाई | बुधवार, सकाळी ११:२०

नियम आहेत, चांगले आहेत. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ कायदा, २००६. मंडळ दिल्लीला. शहरी गॅस जाळ्यांसाठी तांत्रिक आणि सुरक्षा मानकांचे विनियम २००८ चे, मोठ्या वाहिन्यांसाठी २००९ चे. पुढे अखंडता व्यवस्थापनाचे, म्हणजे लाईन धडधाकट राहण्याचा आराखडा कंपनीने करून पाळायचा, ते मोठ्या वाहिन्यांना २०१२ ला आणि शहरी जाळ्यांना २०१३ ला. त्यात गंजाची देखरेख, सीपीची मोजणी, ऑडिट सगळं येतं. कलम २८ खाली एका उल्लंघनाला १ कोटीपर्यंत दिवाणी दंड, आणि चालूच राहिलं तर दिवसाला १० लाखांपर्यंत अजून. अपील विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे.

महापालिकेचा "आमचा नाही" हा जवाब पाईपपुरता बरोबरच आहे, पाईपची सुरक्षा तिच्या अखत्यारीत नाही. पण खांब तिच्या कंत्राटदाराने काँक्रीटमध्ये गाडलाय, त्याला जबाबदार कोण हा प्रश्न सुटत नाही. मार्च २०२५ मध्ये अंधेरीला शेर-ए-पंजाबजवळ जेसीबी गॅसलाईनला लागून आग लागली ती आठवा. खोदणारा एक, लाईन दुसऱ्याची, रस्ता तिसऱ्याचा.

मन्या, लेखी द्या. तोंडी विचारलेलं सरकारी खात्यात घडलेलंच नसतं.

ह्यूस्टनवासी | बुधवार, दुपारी ४:५५

इथे अमेरिकेत ह्याच धंद्यात आहे म्हणून तुलना देतो, तिकडे सोन्याचा धूर निघतो असं म्हणायचं नाहीये.

केंद्र सरकारची पाईपलाईन सुरक्षेची वेगळी एजन्सी आहे, फिम्सा. नियमात गंजावर अख्खं प्रकरण आहे आणि त्यात वेळ अशी बांधलीय की पळवाट कमी. टीएलपीचं रीडिंग दर कॅलेंडर वर्षी एकदा, पण दोन रीडिंगमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. करंट देणारं रेक्टिफायर वर्षातून ६ वेळा, अंतर अडीच महिन्यांच्या वर नको. उघड्यावरची मोठी लाईन दर ३ वर्षांनी, ३९ महिन्यांच्या आत. आणि सीपी तपासणीच्या नोंदी लाईन वापरात आहे तोवर जपायच्या. अंतराची अट का, तर एका जानेवारीत आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तपासून "दरवर्षी केलं" म्हणता येऊ नये.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे कारवाईची पत्रं वेबसाईटवर असतात. कोणत्या कंपनीने कोणत्या टीएलपीचं रीडिंग कधी चुकवलं, दंड किती प्रस्तावित, कंपनीने काय उत्तर दिलं, घरबसल्या वाचा. कित्येक पत्रं "तुम्ही अमुक ठिकाणी १५ महिन्यांची मुदत ओलांडलीत" इतकीच असतात. कोणी मेलेलं नाही, स्फोट नाही, फक्त तारीख चुकली, तरी पत्र.

पण हे शहाणपण मेल्यानंतरच आलंय. २००० च्या ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोत कार्ल्सबॅडजवळ नदीकाठी ३० इंची गॅसलाईन फुटली, पुलाखाली तंबू ठोकून राहिलेली १२ माणसं गेली. पाईप आतून गंजला होता, खोलगट भागात पाणी साचलं होतं आणि त्या तुकड्यातून साफसफाईचा पिग जाऊच शकत नव्हता. २००७ ला कंपनीने १ कोटी ५५ लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं.

तिरकस | बुधवार, संध्याकाळी ५:३०

पिग? डुक्कर??

ह्यूस्टनवासी | बुधवार, संध्याकाळी ५:४१

हो डुक्करच म्हणतात. पाईपमध्ये एका टोकाने घालतात, गॅसच्या दाबाने पुढे ढकलला जातो, वाटेतला गाळ-पाणी ढकलत नेतो. हुशार जातीचा असेल तर भिंतीची जाडी मोजत जातो.

अर्धघट | बुधवार, रात्री ९:१०

ह्यूस्टनवाल्यांनी आतला गंज काढलात ते बरं झालं, कारण माझ्या लिहिण्यावरून कोणाला वाटेल सीपी ठीक म्हणजे सगळं ठीक. सीपी फक्त बाहेरच्या अंगाला. आपल्याकडे २७ जून २०१४, आंध्रात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातलं नगरम. पहाटे गेल ह्या सरकारी गॅस कंपनीची १८ इंची लाईन फुटली, आग गावात शिरली, वीसच्या वर माणसं गेली. लाईन कोरड्या वायूसाठी होती आणि जात होता पाणी आणि कंडेन्सेटवाला (वायूतून सुटणारं तेलकट द्रव) ओला वायू. आतून खाल्ली. त्या लाईनीचं बाहेरचं रीडिंग तुम्ही सोन्याच्या हाफ सेलने घेतलं असतंत तरी कळलं नसतं.

आता वकीलीणबाईंच्या १ कोटीबद्दल. कायदा कडकच आहे, माझी तक्रार कायद्याबद्दल नाही, रजिस्टरबद्दल आहे. एक किस्सा सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही, राज्यही सांगत नाही. नवीनच बदली होऊन गेलो होतो. जुनं रजिस्टर चाळत होतो तर एका टीएलपीला सलग ११ महिने उणे १.१४. बाजूच्याला १.१२, तोही ११ महिने. आता बघा, पावसाळ्यात माती चिंब, मे महिन्यात भेगा पडलेली, आकडा हलणारच, नाही हलला तर मीटर मेलाय किंवा माणूस घरी बसून लिहितोय. हस्ताक्षर एवढं सुंदर की शंकाच येऊ नये, शाई पण सगळीकडे एकच. मी त्या मुलाला म्हटलं चल दाखव. जीपने गेलो, तासभर शोधलं. खांबच नव्हता. तांब्याच्या वायरीसाठी कोणीतरी उपटून नेला होता, खड्ड्यात एरंड उगवलेला, चांगला डोक्याएवढा. म्हणजे किमान वर्ष झालेलं.

पोराला मी फार बोललो नाही. त्याच्याकडे ७० किलोमीटर लाईन, एक मोटरसायकल, आणि महिन्याअखेरीस कागद भरलेला हवा असा वरून फोन. त्या वर्षात ऑडिट झालं नव्हतं का? झालं होतं! ऑडिटरने रजिस्टर बघितलं, सगळ्या रकान्यांत आकडे, सगळे ०.८५ च्या पुढचे, सही केली, जेवून गेले. नंतर एक खडूस बाई आल्या इन्स्पेक्शनला, खुर्चीवर बसल्याच नाहीत. रजिस्टर उघडलं, डोळे मिटून पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा खांब दाखवा. दिवसात असे सहा खांब, हाफ सेल स्वतःची. त्यांच्या वेळी आमची सगळ्यांची पाचावर धारण बसायची. माझ्या उभ्या नोकरीत कायद्याची अंमलबजावणी मी बघितली असेल तर ती त्या बाईंच्या बोटात.

सोसायटीची_सेक्रेटरी | बुधवार, रात्री ९:२२

अशी एक बाई आमच्या डक्टमध्ये पाठवा हो कोणीतरी.

पाव_किलो_ज्ञान | बुधवार, रात्री ९:४०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

वकीलीणबाई | गुरुवार, सकाळी १०:०५

काकांचा किस्सा वाचून एक भर घालते. दंडाची रक्कम कितीही लिहा, नोंद खोटी आहे हे सिद्ध करायला दुसरी स्वतंत्र नोंद लागते आणि ती कोणाकडेच नसते. कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला सप्टेंबर २०१० मध्ये तेच झालं. कंपनीच्या कागदावर तो पाईप बिनसांध्याचा, प्रत्यक्षात सांधा होता आणि सदोष. ८ जण गेले, ३८ घरं गेली, गॅस बंद करायला दीड तास. राज्याच्या नियामकाने २०१५ ला १६० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. पण फौजदारी खटल्यात दोषी ठरल्यावर कोर्टाने केलेला दंड किती, ३० लाख डॉलर, कारण कायद्यातली कमाल तेवढीच. म्हणून कागद कोण बघतो आणि जमीन कोण बघतो हे दंडाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मंडळाकडे ऑडिट अहवाल मागता येतो. कंपन्या "व्यावसायिक गुपित" म्हणून कलम ८(१)(ड) पुढे करतील. उणे ०.८५ मध्ये कसलं गुपित ते मला समजत नाही, पण करतील.

तिरकस | गुरुवार, सकाळी १०:४८

एक शंका. हे सगळं घडायला जमिनीतच असायला हवं असं नाही ना? आमच्या नाल्यात पुलाखालून पाच-सहा पाईप आडवे गेलेत, भरतीला पाण्यात, ओहोटीला उघडे, वर प्लास्टिकच्या पिशव्यांच्या झिरमिळ्या.

अर्धघट | गुरुवार, दुपारी १२:१५

आता बोललात! तैवानचं काऊशुंग, २०१४ च्या जुलैची शेवटची रात्र. पावसाच्या पाण्याच्या बंदिस्त गटारातून प्रोपिलीनचा पाईप आडवा गेला होता. म्हणजे जमिनीत असायला हवा तो हवेत लोंबकळत होता, ओल आणि हवा दोन्ही, सीपीचा करंट त्याच्यापर्यंत पोचायला भोवती मातीच नाही. गंजून फुटला, वायू गटारातून रस्त्यांखाली पसरला आणि रस्ते उलटले. ३२ माणसं. गटार बांधणाऱ्याने पाईपभोवती गटार बांधलं, पाईपवाल्याने पुढे त्याकडे बघितलं नाही.

तुमच्या नाल्यातले कोणते पाण्याचे, कोणते केबलचे, कोणते कशाचे, हे वरून मी सांगू शकत नाही. फोटो काढून लेखी द्या आणि मुख्य म्हणजे काठावरच्या पाट्यांवरचे फोन नंबर टिपून घ्या. मन्या, तू पण तेच कर, समोरच्या फुटपाथवर त्याच लाईनीचा मार्कर, म्हणजे खुणेची पाटी, असणार.

चेंबूरकर_मन्या | पुढच्या मंगळवारी, रात्री ११:१६

अपडेट. काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं.

दीडशे पावलांवर एक मार्कर सापडला, त्याच्यावर नंबर धड होता. पहिल्या कंपनीने नकाशा बघून सांगितलं की हा आमचा नाही, आमची लाईन रस्त्याच्या पलीकडून जाते, पण तुम्ही ह्यांना विचारून बघा. दुसऱ्यांनी तीन दिवस फोन उचलला नाही, उचलला तेव्हा म्हणाले लेखी पाठवा. वकीलीणताईंनी मसुदा दिला होता तो फोटोसकट तीन गॅस कंपन्यांना, वॉर्डाला आणि दिल्लीला मंडळाला एकाच ईमेलवर टाकला, सगळ्यांना एकमेकांची नावं दिसतील असा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या कंपनीची गाडी दारात! श्रेय कोणाला द्यायचं माहीत नाही, ईमेलला की दिल्लीला.

दोन माणसं होती, एक तिशीतला इंजिनीअर आणि एक वयस्कर टेक्निशियन. त्यांच्या यादीत ह्या खांबापुढे "अ‍ॅक्सेस नाही" असं लिहिलेलं होतं, मी बघितलं, तारीख मार्चची. निदान खोटा आकडा नव्हता, काका. काँक्रीटला गोल भोक पाडलं, तुटलेली वायर खाली हात-दीड हातावर सापडली, ती जोडली, नवीन खांब बसवला, भोवती मातीसाठी लोखंडी झाकणाची जागा ठेवली. मुकादम बघत उभा होता, म्हणे "इसमें तो करंट ही नहीं था".

मग वयस्कर काकांनी पिशवीतून ती निळ्या पाण्याची नळी काढली, मामांकडून पिण्याचं पाणी मागून घेतलं, माती भिजवली आणि मीटर माझ्याकडे वळवून दाखवला. उणे ०.९१! मी तिथेच टाळी वाजवली. मामांनी सगळ्यांना वडापाव दिला, पैसे घेतले नाहीत. ताडपत्रीची दोरी आता नो पार्किंगच्या पाटीला बांधलीय.

सोसायटीची_सेक्रेटरी | पुढच्या मंगळवारी, रात्री ११:२४

अभिनंदन मन्या!! तोच मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करशील का, आमच्या डक्टसाठी थोडा फिरवून वापरते.

अर्धघट | बुधवार, सकाळी ६:०२

छान काम केलंस पोरा. फक्त एक सांग, ०.९१ आला तेव्हा रेक्टिफायर चालू होता की क्षणभर बंद करून घेतला? चालू असताना मातीतल्या करंटचा हिस्साही त्यात मिसळतो, पाईपचा खरा आकडा बंद केल्याच्या क्षणी दिसतो आणि तो कमी भरतो. ऑन ०.९१ असेल तर ऑफला ०.८५ च्या खाली जाऊ शकतो. ऑन की ऑफ?

चेंबूरकर_मन्या | बुधवार, सकाळी ८:३७

ते विचारायचं राहिलं. टेक्निशियन काकांचा नंबर घेतलाय, दहा वाजले की फोन लावतो.